बर्फाच्या टायरांवर सिंगापूर

सिंगापूरहून परत आल्यापासून लोक मला तिथल्या उंच इमारतींबद्दल विचारतात. त्या मी पाहिल्या. पण मी कुठंही गेले तरी माझी नजर आधी खाली जाते, चाकांकडे. कराडला हायवेच्या कडेला आमचं टायरचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ते मी चालवते. पंक्चर, रिमोल्डिंग, नवे टायर, सगळं. माणसाचा चेहरा विसरेन, पण त्याच्या गाडीचा टायर कुठल्या बाजूनं घासलाय ते मला वर्षभरानंतरही आठवतं.

दोन हजार सात सालच्या डिसेंबरात तीन आठवडे मी मुलीकडे, वैशालीकडे, राहून आले. तिचं लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मी तिच्या घरी पहिल्यांदाच जात होते. कारण सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पुण्याला इंजिनियरिंग शिकताना तिनं मिलिंदशी लग्न ठरवलं. मिलिंद औरंगाबादचा. ते बौद्ध, आम्ही मराठे. माझ्या थोरल्या दिरांनी, भाऊजींनी, सांगितलं की आपल्यातलं कुणी या लग्नाला जायचं नाही. दुकानाची जागा घरात सामाईक, कागदावर भाऊजींचं नाव. मी गेले नाही. पोटच्या पोरीच्या लग्नाला गेले नाही. त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, दोघी हवापाण्याचं बोलायचो आणि फोन ठेवायचो. मग एके दिवशी जावयानंच विमानाचं तिकीट पाठवून दिलं. सोबत चिठ्ठीचपाटी काही नाही.

भाऊजी एवढंच म्हणाले, "तिथं जेवणार का तुम्ही?"

मी बॅग भरत राहिले.

पुंगोल

पहिले दोन दिवस मी तोंडाचा आ वासूनच होते. पुंगोल ही खाडीच्या कडेला नव्यानं वसवलेली वस्ती. सोळा सोळा मजल्यांच्या सरकारी इमारती, आणि सरकारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं तिथं काहीच नाही. जिन्यात थुंकलेलं नाही, लिफ्ट चालू, खालचा सबंध मजला मोकळा सोडलेला, म्हाताऱ्यांना बसायला आणि लग्नकार्याला. इमारतींमधून उंच पुलावरून एक छोटी रेल्वेगाडी फिरते, तिला एलआरटी म्हणतात. मी पुढच्या काचेपाशी उभी राहिले आणि ड्रायव्हर कुठं बसतो ते बघायला लागले. ड्रायव्हरच नव्हता. गाडी आपली आपण थांबत होती, दारं उघडत होती, वळत होती. मी दांडा घट्ट धरला. माझी नात यशोधरा, साडेचार वर्षांची, माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, नो निड टु स्केअर लाह."

ही नात मी त्या आधी फोटोतच पाहिली होती. ती मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत देते, आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लावते. चिनी मुलांसारखी काड्यांनी भात खाते. भाताचं शीत खाली पडत नाही.

मिलिंद चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनियर. उंच, शांत, मोजकं बोलणारा. मी त्यांना मिलिंदराव म्हणत होते आणि ते मला 'आई' म्हणत होते, पण दोघंही असं बोलत होतो जशी काचेची भांडी हातात आहेत. सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरात तेच उभे, पोहे परतत. दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. बुधवारी आले तेव्हा माझ्या मनात काय काय होतं ते आता लिहायला लाज वाटते. पहिला घास तोंडात घेताना मला भाऊजींचा प्रश्न आठवला, आणि मग पोह्यात शेंगदाणे जास्त लागले, जसे मला आवडतात. वैशालीनं सांगून ठेवलं असणार.

गुरुवारी दुपारी मुलीबरोबर बाजारहाट करून आलो. गाड्या लावायला तिथं वेगळी चारमजली इमारतच असते. वैशाली डिकीतून पिशव्या काढत होती आणि मी सवयीनं वाकून पुढचं चाक बघितलं.

टायरची नक्षी आमच्याकडच्यासारखी नव्हती. मोठे मोठे चौकोनी ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा. मी अंगठ्याचं नख दाबलं. ते रुतलं. चांगल्या टायरमध्ये नख असं रुतत नाही. मग बाजूला हात फिरवला तर तिथं एक छोटं चित्र उमटवलेलं होतं. तीन टोकांचा डोंगर, आणि डोंगराच्या पोटात बर्फाची चांदणी.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. त्या इमारतीत एवढं उकडत होतं की माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

ते चित्र मी एकदाच पाहिलं होतं. काही वर्षांपूर्वी टायर कंपनीचा एक माणूस दुकानात रंगीत माहितीपुस्तक घेऊन आला होता, त्यात थंड देशांतल्या टायरांचं एक पान होतं. मी कौतुकानं विचारलं तर तो हसला. म्हणाला, ताई, हे रबर गोठत नाही म्हणून बर्फात चालतं, आपल्या उन्हात ते लोण्यासारखं होईल.

आणि ही गाडी विषुववृत्ताच्या अंगणात उभी होती, जिथं थंडी अशी कधी पडतच नाही. चारी चाकांना तेच टायर. मागच्या दोन टायरांचे ठोकळे तर अर्धे झिजलेले.

"आई, काय बघतेस?" वैशाली म्हणाली.

"काही नाही. छान आहे गाडी," मी म्हणाले.

दोन दिवसांची गुळणी

दुकानात मी अशी नाही. एकदा आमच्या तालुक्याच्या फौजदाराची जीप मी परत पाठवली होती. पुढचे टायर बदलल्याशिवाय घाटात नेऊ नका, हवा भरून देणार नाही, असं तोंडावर सांगितलं होतं. इथं मात्र मला शब्द फुटेना. सहा वर्षांनी पहिल्यांदा पोरीच्या घरात पाय ठेवला, आणि दुसऱ्याच दिवशी जावयाच्या गाडीला नावं ठेवायची? मी काहीही बोलले तरी त्याचा अर्थ तोच लागणार, असं मला वाटत होतं. टायरबद्दल बोलले तरी लग्नाबद्दल बोलल्यासारखं ऐकू जाईल.

त्या संध्याकाळी जेवताना मी आडून विचारलं, गाडी कधी घेतली वगैरे. मिलिंदनी जे सांगितलं त्यानं मी पुन्हा हबकले. त्या देशात गाडी ठेवायचा परवाना दहा वर्षांचा असतो. मुदत संपली की परवाना पुन्हा विकत घ्या, नाहीतर चांगली धावती गाडीसुद्धा मोडीत काढा. ही गाडी आठ वर्षांची. उरली दोन वर्षं. म्हणून टायर त्यांनी खाडीपलीकडे मलेशियात बसवून आणले होते. तिथं जपानमधून वापरलेले टायर येतात, स्वस्त मिळतात.

"दोन वर्षांसाठी नवे कशाला," ते म्हणाले. "आणि तो दुकानदार म्हणाला, याची पकड सगळ्यात चांगली."

मी आमटीची वाटी पुढं ओढली. मंगळवारी आम्ही याच गाडीनं मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्सला जाणार होतो. डोंगर, चहाचे मळे, वळणावळणाचा रस्ता. वैशालीनं माझ्यासाठी महिन्यापूर्वीच खोल्या ठरवल्या होत्या. सोमवारपर्यंत काहीतरी कारण काढू, मी मनाशी म्हणाले. गुडघा दुखतो म्हणू.

आता विचार केला की वाटतं, टायरच्या धंद्यातलं माणूस असून गुडघ्याचं कारण शोधत बसले होते.

सेरंगून ते एक्स्प्रेसवे

शनिवारी वैशालीच्या मैत्रिणीकडे सेरंगूनला जेवायला बोलावलं होतं. पुण्याचंच कुटुंब, बाई बँकेच्या संगणकाचं काम बघणारी. तिनं अळूची भाजी केली होती. अळू तिथं कसं मिळालं याचं मला नवल वाटलं, तर म्हणाली, तमिळ भाजीवाल्याकडे सगळं मिळतं, फक्त नाव त्याच्या भाषेत सांगावं लागतं. जेवण झालं, ऊन लख्ख होतं. यशूला प्राणिसंग्रहालय बघायचं होतं. निघालो आणि एक्स्प्रेसवेला लागलो.

तिथला पाऊस सांगून येत नाही. समोर एका काळ्या पडद्याची कडा दिसली, आणि पुढच्या मिनिटाला आम्ही पडद्याच्या आत होतो. डिसेंबरात असा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. वायपर सगळ्यात जोरात चालू, तरी काचेवर पाणीच पाणी. मिलिंदनी वेग कमी केला. तिथं कुणी हॉर्न वाजवत नाही, कुणी मध्ये घुसत नाही, सगळे आपापल्या पट्ट्यात शिस्तीनं. मी पुढं त्यांच्या शेजारी बसले होते. मागे वैशाली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली यशू.

आमच्या पुढं एक उघडा ट्रक होता. वर ताडपत्रीचं छत आणि खाली बांधकामाचे मजूर, पंधरावीस जण, दाटीवाटीनं बसलेले. एवढ्या श्रीमंत देशात माणसं अशी ट्रकच्या हौद्यात बसवून नेतात हे मला पहिल्यापासून खटकत होतं. आपल्याकडचीच माणसं दिसत होती. मागच्या फळीशी बसलेले दोघं आमच्याकडे तोंड करून होते. एकानं डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली होती.

पुढं कुठंतरी रहदारी अडली. ट्रकचे लाल दिवे लागले. मिलिंदनी ब्रेक दाबला.

गाडी थांबायच्या ऐवजी तरंगली.

सत्तावीस वर्षं मी टायरांमध्ये काढली, नवरा होता तेव्हापासून, पण टायरनं रस्ता सोडला की आतल्या माणसाला कसं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. आवाज होत नाही. खालचा रस्ता एकदम नाहीसा होतो, आणि गाडी आपली राहत नाही. मागचा भाग उजवीकडे सरकायला लागला, नाक डावीकडे वळलं, आणि ट्रक तसाच मोठा मोठा होत आला. त्या मजुरांचे चेहरे मला आजही दिसतात. ते ओरडले नाहीत. फळीशी बसलेल्या दोघांनी फक्त पाय छातीशी ओढून घेतले.

मिलिंदनी ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग थोडं डावीकडे दिलं. ट्रकचा कोपरा माझ्या डोळ्यांसमोरून उजवीकडे गेला, वीतभर अंतरावरून, आणि आम्ही रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या पट्ट्यात तिरके जाऊन कठड्यापाशी थांबलो. गाडीचा आरसासुद्धा फुटला नाही.

छतावर पाऊस वाजत होता. मग मागून आवाज आला.

"डॅडी, अगेन."

वैशालीनं तिला पट्ट्यासकट छातीशी धरलं आणि रडायला लागली. मिलिंदचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

मी दार उघडून पावसात उतरले. ट्रकही पुढं जाऊन कडेला थांबला होता, आणि डोक्याला पिशवी बांधलेला तो माणूस धावत आमच्याकडे येत होता. तो तमिळमध्ये काहीतरी विचारत होता. मी हात जोडले. त्यानं काचेतून यशूकडे बघितलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मान डोलावली आणि परत धावत गेला. ज्याला आम्ही चिरडणार होतो तो आमची चौकशी करायला आला होता.

मिलिंद उतरून माझ्या बाजूला आले. "पावसामुळे झालं," ते म्हणाले. "पाणी साचलं होतं."

मी पुढच्या चाकापाशी बसले. "इथं हात लावा," मी म्हणाले. "नख दाबा."

त्यांनी दाबलं. मग मी त्यांना ते चित्र दाखवलं, डोंगर आणि चांदणी. ते म्हणाले, हो, हे बर्फाचे टायर आहेत हे मला माहीत आहे. दुकानदारानं सांगितलं होतं. बर्फावर जे धरतं ते पाण्यावर धरणारच, असं मला वाटलं.

एवढा शिकलेला माणूस, सगळं माहीत असून हे टायर लावून आपल्या पोरीला रोज शाळेत सोडत होता. मला धक्का बसला. पण त्याहून मोठा धक्का मला स्वतःचाच बसला होता, कारण मीही माहीत असून त्या गाडीत बसले होते.

"हे रबर थंडीसाठी मऊ केलेलं असतं," मी म्हणाले. "इथल्या रस्त्यावर ते लुळं पडतं. त्यात हे झिजलेले, पाणी बाजूला काढायला नक्षीच उरली नाही. मला परवाच दिसलं होतं."

त्यांनी मान वर केली. पाणी त्यांच्या चष्म्यावरून वाहत होतं.

"परवा दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाटलं असतं, ही सहा वर्षांनी आली आणि खोड काढायला लागली."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "आई, वाटलं असतं. नक्कीच वाटलं असतं. पण टायर बदलले असते."



पाया लेबार

गाडी पुढं न्यायची नाही हे मी दुकानातल्या आवाजात सांगितलं, आणि या वेळी कुणी त्याचा दुसरा अर्थ लावला नाही. फोन करून उचलून नेणारी गाडी बोलावली. वैशाली आणि यशू टॅक्सीनं घरी गेल्या, आणि मी आणि मिलिंद त्या उचलगाडीच्या ड्रायव्हरशेजारी बसून पाया लेबारच्या बाजूला एका टायरच्या दुकानात आलो. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या मागे गॅरेजांची एक रांग आहे, त्यात ते होतं. रबराचा आणि ग्रीसचा वास आला आणि चार दिवसांत पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.

मालक एक चिनी म्हातारा, अर्धी चड्डी, पायात सपाता. तिथं अशा माणसाला सगळे अंकल म्हणतात. त्यांनी टायरवर अंगठा फिरवला, चित्र बघितलं आणि मिलिंदकडे बघून म्हणाले, "स्नो टायर. हिअर नो स्नो, लाह." हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी नवे टायर दाखवले. मी बाजूवरचे चार आकडे वाचले. त्यातून टायर कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला ते कळतं. पहिला टायर तीन वर्षांचा पडून राहिलेला होता. मी तो बाजूला सारला. अंकलनी माझ्याकडे नीट बघितलं. मिलिंदना काहीतरी विचारलं, मिलिंदनी सांगितलं की या माझ्या सासूबाई, यांचं भारतात दुकान आहे. अंकल आत गेले आणि त्याच वर्षीचे चार टायर घेऊन आले. मग माझ्यासाठी एक स्टूल पुसून ठेवलं आणि काळ्या कॉफीचा पेला दिला. तळाशी आटवलेलं गोड दूध. ढवळायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, मी वरची कडू कॉफी तशीच प्यायले.

टायर बसवून झाले. जुने चार भिंतीशी उभे केले होते. मिलिंदनी विचारलं, यांचं काय होणार. अंकल म्हणाले, एक माणूस येतो, घेऊन जातो. पुन्हा कुठंतरी विकतो.

मिलिंद त्या टायरांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं त्यांना निघायचंय. तर ते अंकलना म्हणाले की हे कुणाच्याच गाडीला लागता कामा नयेत, मला ते फाडायचे आहेत. अंकलनी खांदे उडवले आणि जाड पात्याचा सुरा आणून दिला.

मिलिंदनी मधोमध, नक्षीवरच सुरा चालवायला सुरुवात केली. आत तारा असतात, तिथं काही कापलं जात नाही. मी स्टुलावरून उठले. पदर खोचला, टायर आडवा पाडला आणि त्याच्यावर पाय रोवला.

"इथं, बाजूला. इथं पातळ असतं," मी म्हणाले. "तुम्ही कापा, मी धरते."

दोघांनी मिळून चारी टायर फाडले. शेवटच्याला दोघांनाही दम लागला होता. त्यांच्या कपाळाला काळं लागलं होतं, मी पदराच्या टोकानं पुसलं. ते कळण्याआधी पुसून झालं होतं. त्यांनी सुरा खाली ठेवला आणि म्हणाले, "लग्नात तुमची खुर्ची ठेवली होती आम्ही. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही तिच्यावर."

ते रागानं बोलले नाहीत. मी तिथं, त्या गॅरेजात, परक्या माणसांसमोर रडले. अंकल दुसऱ्या गाडीखाली वाकून बघायला लागले.

हायलँड्स, आणि घरी

मंगळवारी आम्ही गेलो. घाटात पाऊस लागला, सगळा रस्ता पाण्यानं चकाकत होता आणि गाडी रस्ता धरून होती. वर गेल्यावर डोंगरच्या डोंगर चहानं झाकलेले, कुणी हिरव्या मखमलीवर कंगवा फिरवावा तसे. हवा इतकी गार की यशूनं जन्मात पहिल्यांदा स्वेटर घातला आणि तोंडातून वाफ निघते का ते बघत राहिली. तिथल्या बाजारात कणसं आणि स्ट्रॉबेरी, थेट महाबळेश्वर. एका वळणावर मिलिंदनी गाडी कडेला घेतली आणि मला विचारलं, चालवणार का. मी दुकानाचा टेम्पो चालवते हे वैशालीनं त्यांना सांगितलं होतं. परवाना नाही म्हणून मी नको म्हणाले. पण विचारलं होतं.

उरलेले दिवस कसे गेले ते कळलं नाही. वैशालीशी मी सहा वर्षांचं बोलले. काही गोष्टींची माफी मागितली. काहींची मागायची राहिली, त्या तिनंच बाजूला केल्या.

कराडला परतले त्या दिवशी संध्याकाळी भाऊजी आले. बराच वेळ सिंगापूरच्या इमारती, रस्ते, विमानाचं जेवण असं विचारत बसले. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही त्यांना जे वाटत होतं ते ओळखायला गेले नाही. त्या दोन दिवसांनी मला एवढं शिकवलं होतं की समोरच्याला काय वाटेल याचा हिशोब करत मी गप्प बसले, तर एखाद्या दिवशी कुणीतरी ट्रकच्या फळीशी पाय ओढून घेत असेल.

मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की येत्या दिवाळीला वैशाली, मिलिंदराव आणि यशू इथं येतायत. चार दिवस माझ्या घरी राहतील. पाडव्याला जावयाला ओवाळायचं आहे.

भाऊजींनी कपातून नजर वर केली. "मला विचारलं नाहीत."

"नाही," मी म्हणाले. "कळवलं."